चाळीसगावचा टांगा आणि लंडनचं तिकीट

(31 जुलैला धुळ्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, थोडं सावरून.)



मी भाषणवाला नाही. मुंबई बंदरात कंत्राटदाराच्या टोळीत आहे. दिवसा पोती आणि लोखंड, रात्री कविता. शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या झटक्यात. आणि विषय दिलाय काय, तर परदेशात जाऊन कायदा शिकायचा आणि त्याच्या शिष्यवृत्त्यांचा. म्हणजे ज्यानं कॉलेजची पायरी चढली नाही त्यानं लंडनच्या पायऱ्या मोजायच्या. काही जण मनात हसले असतील. हसा. पण मी या विषयावर का बोलतो ते शेवटी कळेल.

आज सकाळी आपण सगळे लळिंगला जाऊन आलो. लांडोर बंगल्यावर. 31 जुलै 1937 ला बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात खटल्यासाठी आले होते आणि त्या बंगल्यावर थांबले होते. म्हणून आपण दरवर्षी जातो. गर्दी होते, गाणी होतात, पोरं फोटो काढतात. काढा. पण एक गोष्ट डोक्यात घ्या. त्या दिवशी इथं पुतळा आला नव्हता. वकील आला होता. काळा कोट घालून, कागदांचा गठ्ठा घेऊन कामावर आलेला माणूस. आणि तो वकील झाला कसा, कुणाच्या पैशानं झाला, किती वेळा अडला, हे आपण गाण्यातून ऐकतो पण हिशेबानं बघत नाही. आज हिशेबानं बघू.

1913 साल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. 4 जूनला करार झाला. त्यात अट होती की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. सही झाली आणि त्याच महिन्यात मुंबई बंदरातून बोट सुटली. मी ज्या बंदरात पोती उचलतो त्याच बंदरातून. कधी पाळी संपल्यावर धक्क्यावर बसतो तेव्हा मला वाटतं, त्या दिवशी कुणीतरी हमालानं त्यांची ट्रंक उचलली असेल. त्याला काय माहीत आपण काय उचलतोय.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठ. 1915 ला एम. ए. 1916 ला लंडन. तिथं अर्थशास्त्रही आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीही, दोन्ही एकदम सुरू. आणि 1917 ला शिष्यवृत्तीची मुदत संपली. संपली म्हणजे संपली. अभ्यास अर्धा, माणूस परत. इकडं घर रमाईनं ओढलं. आपल्या घराघरात रमाईचा फोटो आहे, पण शिष्यवृत्तीच्या हिशेबात तिचं नाव कुणी लिहीत नाही. एकाला पैसे मिळाले की घरातलं दुसरं कुणीतरी उपाशी राहतं, ही गोष्ट तेव्हाही खरी आणि आजही.

मग करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले. दहा वर्षं नोकरी करायची होती. अकरा दिवस राहायला मिळालं. तेही पारशी म्हणून नाव सांगून, पारशांच्या एका जुन्या धर्मशाळेत. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन लोक आले. कोलंबियाला शिकून आलेला माणूस सामान घेऊन बागेत बसला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत. महाराजानं पैसा दिला होता. गावानं खोली दिली नाही. शिष्यवृत्ती देणारा एक असतो, माणसाला जगू देणारे हजार असावे लागतात.

पुढं सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी केली, पैसा पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना नावाच्या पारशी दोस्तानं पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. 1920 ला पुन्हा लंडन. 1922 ला बॅरिस्टर. म्हणजे बघा, ज्याला आपण बॅरिस्टर म्हणतो तो तीन खांद्यांवर उभा होता. संस्थानची शिष्यवृत्ती, दोस्ताचं कर्ज आणि स्वतःची पोटाला चिमटा घेऊन केलेली बचत. यातला एक जरी खांदा सरकला असता तर 1937 ला धुळ्याच्या कोर्टात कुणी आलं नसतं.

आता खानदेशची गोष्ट. आपली. 1929 चा ऑक्टोबर. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. खानदेशचा दौरा आटोपला होता. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला आले. पूर्व खानदेश, म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. स्टेशनवर आपली माणसं घ्यायला आलेली. महारवाडा दोनेक मैलांवर. टांगा पाहिजे. आणि टांगेवाले काय म्हणाले? महाराला बसवून टांगा हाकणार नाही.

समजून घ्या रे. समोर कोण आहे? कोलंबियाचा डॉक्टर, लंडनचा बॅरिस्टर, सरकारी समितीचा सभासद. आणि घोड्यामागं बसून लीद झाडणारा माणूस म्हणतो, मी तुझ्यापेक्षा वरचा. तास-दीड तास स्टेशनवर ताटकळत ठेवलं. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्या लोकांना वाटलं, एवढा मोठा पाहुणा, त्याला पायी कसा न्यायचा? म्हणून आपल्यातलाच एक जण पुढं बसला. त्यानं आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडाला अडलं. घोडा आणि टांगा खाली नदीत, बाबासाहेब दगडी फरशीवर. पायाचं हाड मोडलं.

ही गोष्ट सांगताना लोक टांगेवाल्याला शिव्या देतात. द्यायलाच पाहिजेत. पण मी हमाल आहे, मला दुसराही माणूस दिसतो. तो पुढं बसलेला आपला माणूस. त्याच्या मनात इज्जत होती, हिंमत होती. फक्त लगाम धरायला कुणी शिकवलं नव्हतं. समाजानं एक माणूस सातासमुद्रापार पाठवून बॅरिस्टर केला आणि स्टेशनपासून वस्तीपर्यंतच्या दोन मैलांत तो पडला. मला आजचं बोलणं या दोन मैलांबद्दल करायचंय. लंडन कुणीतरी दाखवेल. हे दोन मैल कुणाचे?

तुम्ही म्हणाल, आता टांगे गेले, काळ बदलला, सरकार शिष्यवृत्ती देतं. देतं ना. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर त्यांनी सरकारशी भांडून आपल्या पोरांच्या शिक्षणाला पैसा मिळवला, काहींना परदेशीही पाठवायला लावलं. 1954-55 पासून केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. आज तिच्या 125 जागा, पैकी 115 अनुसूचित जातींच्या. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना 2003 पासून आहे, तिच्या 75 जागा, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठी. वकिलीची पोरंही त्यावर लंडनला गेली आहेत. हे मी नाकारत नाही. नाकारणारा करंटा.

पण कागद नीट वाचायला शिका. 2022 ला केंद्राच्या योजनेत एक कलम घातलं. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज यांवरचे विषय घेऊन परदेशात शिकायचं असेल तर ही शिष्यवृत्ती नाही. आता आठवा, 9 मे 1916 ला बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला तो कशावर? भारतातल्या जातींवर. सयाजीरावांच्या पैशावर शिकणाऱ्या पोरानं न्यूयॉर्कमध्ये जातीची चिरफाड केली. 2022 च्या कलमात तो पोरगा बसला नसता. राजाला जे चाललं ते आपल्या मतांवर निवडून आलेल्या सरकारला चाललं नाही. आणि 2025 च्या जुलैत काय झालं? केंद्राच्या योजनेत 106 जण निवडले आणि पत्रं आधी फक्त 40 जणांना दिली. बाकीच्यांना सांगितलं, पैसा असेल तर देऊ. परदेशातलं विद्यापीठ सप्टेंबरात सुरू होतं. ते आपल्या मंत्रालयातल्या फायलीसाठी थांबत नाही.

आता एक लांबची गोष्ट, पण आपल्याच जातकुळीची. 1972 साली मुंबईत आपली पोरं पँथर नाव घेऊन उठली, ते नाव ज्या काळ्या माणसांकडून घेतलं त्यांच्या देशातली. मिसुरी नावाचं राज्य. 1935 ला लॉइड गेन्स नावाच्या काळ्या तरुणानं राज्याच्या लॉ कॉलेजात अर्ज केला. राज्य म्हणालं, तुला इथं प्रवेश नाही, पण शेजारच्या राज्यात जाऊन वकिली शिक, फी आम्ही भरतो. बघा किती गोड. बाहेर शिकायला शिष्यवृत्ती! गेन्स म्हणाला, मला तुमचा पैसा नको, मला माझ्या गावचं दार पाहिजे. चार्ल्स ह्यूस्टन नावाचा काळा वकील त्याच्यासाठी उभा राहिला, तो स्वतः हार्वर्डला कायदा शिकलेला. डिसेंबर 1938 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दुसऱ्या राज्याची फी भरून तुमची सुटका नाही, गोऱ्याला इथं शिकवता तर काळ्यालाही इथंच शिकवा. आणि गेन्स? 1939 च्या मार्चमध्ये शिकागोत एका संध्याकाळी घराबाहेर पडला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. आजपर्यंत नाही.

ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की शिष्यवृत्तीचीही दोन तोंडं असतात. एक शिष्यवृत्ती दार उघडते. दुसरी म्हणते, हे घे तिकीट आणि इथून निघ. लंडनला 75 पाठवले म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि इथं आपल्या देशातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या फिया लाखांत न्यायच्या, तालुक्याच्या पोराला तिकडं फिरकता येऊ नये असं करायचं, ही मिसुरीचीच चाल. आपल्याला दोन्ही पाहिजे. लंडनही पाहिजे आणि जळगाव-धुळ्याचं लॉ कॉलेजही पाहिजे, चांगल्या लायब्ररीसकट. बाबासाहेबांनी काय केलं? स्वतः बाहेर शिकले आणि आल्यावर इथं कॉलेजं काढली. 1946 ला सिद्धार्थ. 1956 ला, जाण्याच्या वर्षी, सिद्धार्थ लॉ कॉलेज. बाहेर शिकल्याचं कर्ज त्यांनी असं फेडलं.

कुणी विचारेल, एवढी वकिलीची हौस कशाला? डॉक्टर व्हा, इंजिनीअर व्हा. व्हा ना. पण 2018 आठवा. 20 मार्चला सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. खटला गेला होता आपल्याच महाराष्ट्रातून. 2 एप्रिलला देशभर बंद झाला, उत्तरेत आपली माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा पुन्हा नीट करावा लागला. आणि मधल्या काळात, जूनमध्ये, जळगाव जिल्ह्यातच, जामनेर तालुक्यातल्या वाकडीत, विहिरीत पोहले म्हणून पोरांना नागडं करून मारलं. अल्पवयीन पोरं. रस्त्यावर आपण लाखांनी होतो. कायद्याच्या एकेका शब्दाचा कीस पडत होता त्या खोलीत आपले किती होते? कायदा शब्दांनी मारतो आणि शब्दांनी वाचवतो. मी कवी आहे, शब्दांचं वजन मला ठाऊक आहे. पण माझ्या शब्दावर जामीन मिळत नाही. वकिलाच्या शब्दावर मिळतो.

जामीन शब्द आला म्हणून आता माझं सांगतो. यासाठीच मी इथं उभा आहे.

माझ्या मावशीची लेक. चोपडा तालुक्यातली. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. तिचा बाप केळीच्या बागेत घड वाहतो, ट्रक भरतो. म्हणजे बाप केळी उचलतो आणि भाऊ पोती. आमच्या खानदानात उचलण्याचाच धंदा. पोरगी एल. एल. बी. झाली, चांगल्या मार्कांनी. इंग्रजीची परीक्षा दिली. तिची फीच पंधरा हजारांच्या वर, मावशीनं कानातलं मोडलं. लंडनच्या एका विद्यापीठानं एल. एल. एम. ला घेतलं. मावशी म्हणाली, "पोर, इतला दूर कसाले जास? आठे कोर्ट नई का?" पोरगी म्हणाली, "आई, इथलं कोर्ट ज्या पुस्तकांवर चालतं ती बघून येते."

मग कागद सुरू झाले. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी. एकेका दाखल्यासाठी बापाची मजुरी बुडाली. तरी सगळं जमलं. यादीत नाव लागलं. त्या रात्री मी टोळीला भजी खाऊ घातली. सगळ्यांना सांगितलं, माझी बहीण बॅरिस्टरांच्या गावाला चालली.

आणि मग करारनामा आला. शंभर वर्षांपूर्वी होता तसाच करार, अटी वेगळ्या. त्याला दोन जामीनदार पाहिजेत. ऐपतीचा दाखला असलेले. मी मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आलो. म्हटलं माझी सही घ्या. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पगाराची स्लिप? कंत्राटी माणसाला कसली स्लिप. त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं आणि कागद परत सरकवला.

मग आम्ही आपल्याच माणसांकडं गेलो. मोठा पगार, मोठं घर, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, फोटोला लाइटची माळ. चहा दिला. म्हणाले, पोरगी हुशार आहे, अभिमान वाटतो, पण जामीन म्हणजे जबाबदारी, आमच्याही पोरांचं बघायचंय. अशी चार घरं झाली. चार ठिकाणी चहा. पाचव्या ठिकाणी एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर. दोन खोल्यांचं घर त्याच्या नावावर. त्यानं चहाही विचारला नाही, म्हणाला, कुठं सही करू? एक जामीन झाला. दुसरा मिळाला तोवर तारीख निघून गेली. विद्यापीठानं लिहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

पोरगी रडली नाही. म्हणाली, "दादा, मी पुढच्या वर्षी पुन्हा भरते. पण तोवर माझ्यासारख्या किती जणी सुटतील?" आज ती एका वकिलाच्या हाताखाली फुकट राबते आणि वस्तीतल्या पोरांचे अर्ज भरून देते.

सरकारला शिव्या देऊन मी खाली बसू शकतो. टाळ्याही मिळतील. पण त्या चार घरांतला चहा मला अजून कडू लागतो. टांगेवाला परका होता, त्यानं नाही म्हटलं. हे आपले होते. जे शिष्यवृत्तीवर शिकले, राखीव जागेवर चढले आणि वर गेल्यावर शिडी ओढून घेतली. आपल्या वस्तीतले दोन मैल यांनी अडवलेत.

म्हणून भाषण नको, काम सांगतो. तीन गोष्टी.

एक. आपण पन्नास जण बसलोय. महिन्याला दोनशे रुपये. एवढी सिगरेट आणि रिचार्ज होतं. पन्नास जणांचे महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. लंडनची फी यातून होणार नाही, ती सरकारकडून घ्यायची, भांडून घ्यायची, तो हक्क आहे. पण शिष्यवृत्ती मिळण्याआधी जे पैसे लागतात, परीक्षेची फी, अर्जाची फी, दाखल्यांच्या चकरा, ते यातून होतात. आपली पोरं समुद्रात बुडत नाहीत रे, धक्क्यावरच बुडतात.

दोन. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत जामीन द्यायला तयार असलेल्या माणसांची यादी करायची. मास्तर, नर्स, ड्रायव्हर, पोलीस. घरोघर जायचं. जो नाही म्हणेल त्याच्या फोटोची माळ उतरवायची नाही, फक्त पुढच्या 14 एप्रिलला त्याला स्टेजवर बसवायचं नाही.

तीन. जो जाईल त्यानं आपल्याशी करार करायचा. सरकारचा करार वेगळा, हा वेगळा. इथं नोकरी करच असं आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनाही बडोद्याच्या नोकरीत राहता आलं नाही. पण वर्षाला वस्तीतला एक खटला बघायचा आणि दोन पोरांचे अर्ज भरून द्यायचे. जिथं असशील तिथून. दोन म्हणजे दोनच. पुढच्या वर्षी ते दोन आणखी चार करतील.

मी परदेशी जाणार नाही. माझा तो विषय नाही. मी बोटीत माल चढवणारा माणूस. पण बोटीत माल नीट चढला नाही तर बोट कलंडते, हे मी रोज बघतो. चढवणाऱ्याचंही काम असतं.

पहिले दोनशे मी इथं टेबलावर ठेवतो. वही ठेवली आहे. नाव आणि रक्कम लिहा, आणि जामीन देऊ शकणाऱ्या एका माणसाचं नाव त्याच ओळीत पुढं लिहा. तेवढं झाल्यावर चहा घेऊ.

जयभीम.